बुर्माकानचा खटका

बुर्माकानचा कॅमेरा बंद पडला तो भर लग्नात. सासूबाई नव्या सुनेच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधायला पुढे झाल्या होत्या, भोवतीच्या बायकांचे डोळे भरून आले होते, बुर्माकान एक गुडघा टेकून नेम धरून बसली होती, आणि खटका दाबल्यावर अर्धाच आवाज आला. 'खट्'. पुढचा अर्धा आलाच नाही. डोळा लावून पाहावं तर आत काळोख. मागच्या पडद्यावर तीन अक्षरं लुकलुकत होती, जी तिनं सोळा वर्षांत कधी पाहिली नव्हती.

उरलेलं लग्न तिनं नवरीच्या भावाच्या फोनवर काढलं. 

कोक-दोबो गावात आणि सरोवराच्या दक्षिण काठावरच्या पाच-सहा गावांत फोटो म्हटलं की बुर्माकान. वय अठ्ठावन्न. सगळे तिला एजे म्हणत, थोरल्या बहिणीच्या मानानं. तरुणपणी ती काराकोल शहरातल्या सरकारी स्टुडिओत होती; स्टुडिओ बंद पडल्यावर गावी परतली आणि पुढे कधीतरी दोन गाई विकून हा डिजिटल कॅमेरा घेतला. पकडायच्या जागेचं रबर झिजून निघालं तेव्हा तिथं तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. पाळण्यात घातलेली बाळं, शाळेचे वर्ग, पेन्शनच्या कागदांवर लावायचे म्हातारे चेहरे, सगळं त्यातूनच गेलं होतं. आणि ऑगस्टमध्ये गवत कापून झालं की गावची घोड्यांची शर्यत. तिथं शेवटच्या रेषेवर कोण पुढे, हे अकरा वर्षं तिच्या फोटोवरून ठरत आलं होतं.

ती राजधानीत, बिश्केकला गेली. तिची मुलगी मेरिम तिथं नोकरी करायची. दोघी मिळून दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या माणसानं कॅमेरा उघडलासुद्धा नाही, नुसता उलटासुलटा करून पाहिला.

"याचे सुटे भाग येत नाहीत आता. घरी काचेच्या कपाटात ठेवा, शोभून दिसेल."

"शोभेसाठी माझ्याकडे चिनी मातीची बदकं आहेत," बुर्माकान म्हणाली आणि कॅमेरा परत शालीत गुंडाळला.

मेरिमनं तिला तिथल्या तिथं एक छोटा कॅमेरा घेऊन दिला. चंदेरी, तळहातात मावेल एवढा. "आई, यात काही करायचं नाही. बघायचं आणि दाबायचं. तुझी मानही दुखणार नाही."

मुलीनं प्रेमानं दिलेली वस्तू. बुर्माकाननं दोन महिने ती इमानानं वापरली. पासपोर्टच्या फोटोंना तो कॅमेरा बरा होता. म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांना घाई नसते. पण दाबल्यावर तो जरा विचार करायचा, मग फोटो काढायचा. तेवढ्यात बाळाचं हसू मावळायचं, आजोबांचा टाळीसाठी उचललेला हात खाली यायचा. जे दिसलं ते मिळायचं नाही, त्याच्या नंतरचं मिळायचं. तिच्या कपाळावर आठी बसली ती जाईना.

जुलैत शर्यतीची बैठक झाली. तुर्दुबाय अक्साकाल, म्हणजे गावचा सगळ्यात वडीलधारा, पांढऱ्या दाढीचा पंच, मधोमध बसला होता. समोर शामीर होता. शामीरच्या चार मिनीबस रस्त्यावर पळत, आणि यंदा त्यानं नारीनहून एक करडा घोडा आणला होता.

"एजे, तुमच्या खोक्यानं जीव सोडला म्हणे," शामीर म्हणाला. "देव त्याला शांती देवो. यंदा माझा फोन लावू. तीन डोळे आहेत त्याला."

"डोळे तीन असून काय, बघणारा तूच ना एकटा," बुर्माकान म्हणाली.

मंडळी हसली. शामीरही हसला, पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "अजून एक सांगतो, राग मानू नका. यंदा ओस्मोनदादाचाही घोडा पळतोय. तो तुमचा सख्खा भाऊ. निकाल त्याच्या बाजूनं लागला तर लोक म्हणतील, बहिणीनं भावाचं नाक पुढे काढलं."

हे मात्र तिला लागलं. अकरा वर्षांत असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तिनं अक्साकालकडे पाहिलं. त्यानं दाढीवरून हात फिरवला.

"यंदा फोन लावू," तो म्हणाला. "बुर्माकान, तू आरामात बस, घोडीच्या दुधाचं कुमिस पी, शर्यत बघ. इतक्या वर्षांत तू एकदाही शर्यत बघितलेली नाहीस."

ते खरंच होतं. तिनं फक्त शेवटच्या रेषेवरचे दोन खांब पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिनीबसनं ती काराकोलला गेली. स्टुडिओच्या दिवसांत तिथली यंत्रं दुरुस्त करायला एक माणूस यायचा, अर्काडी प्लातोनोविच. सरोवरकाठच्या नौदलाच्या कारखान्यात तो बारीक यंत्रांचं काम करायचा. आता ऐंशीच्या पुढे असेल. असेल की नसेल, हेही तिला ठाऊक नव्हतं.

तो होता. निळ्या खिडक्यांच्या लाकडी घराच्या ओसरीवर, सफरचंदाच्या झाडाखाली बसला होता.

"कोण, स्टुडिओतली बुर्माकान?" त्यानं चष्मा वर केला. "तू तर म्हातारी झालीस."

"तुम्ही नाही झालात का?"

"मी तेव्हाच होतो. मला फरक पडला नाही."

त्यानं कॅमेरा कानाशी धरला आणि तिला खटका दाबायला सांगितलं. दोनदा ऐकलं. मग म्हणाला, "आतला आरसा वर अडकलाय. त्याची स्प्रिंग ओढायला एक छोटी मोटार असते, ती ओढत नाहीये. बाकी ठणठणीत आहे."

"मग करा ना दुरुस्त, अर्काडी प्लातोनोविच."

त्यानं उत्तरादाखल चहाचा कप उचलून दाखवला. कप थरथरत वर गेला, निम्मा चहा बशीत सांडला. "या हातांनी हल्ली मला सूपसुद्धा पिता येत नाही. स्क्रू कुठून काढू?"

बुर्माकान शाल उचलून कॅमेरा गुंडाळायला लागली. इतक्या लांब येऊन हे ऐकायचं होतं तर. म्हाताऱ्यानं मात्र तिच्या हातांकडे पाहिलं.

"तू तिथं काय काम करायचीस?"

"निगेटिव्हवरचे डाग काढायचे. ब्लेडच्या टोकानं खरवडून."

"डाग माणसाच्या डोळ्यात पडला असेल तर?"

"तोही काढायचे. बुबुळाला धक्का न लावता."

"मग बस इथं. डोकं माझं, हात तुझे."

त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कॅमेऱ्याची आकृती काढायला लावली, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्या जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवायला. स्क्रू मोहरीएवढे. आधी तिनं आपणच चिकटवलेली सायकलची ट्यूब सोलून काढली.

"हे काय लावलंयस?"

"ट्यूब आहे."

"काम पक्कं आहे," म्हातारा म्हणाला. "माझ्या हाताखाली चालली असतीस."

वरचं झाकण सैल झालं तसा तो एकदम ओरडला, "हात बाजूला." ती दचकून मागे झाली. फ्लॅशसाठी आत साठवलेली वीज बॅटरी काढली तरी तशीच राहते, आणि त्या विजेनं एकदा त्याला खुर्चीवरून खाली पाडलं होतं, हे त्यानं सावकाश सांगितलं. मग लाकडी मुठीच्या पेचकसानं ती वीज कशी उतरवायची तेही सांगितलं. 'फट्' करून ठिणगी उडाली. बुर्माकानची बोटं स्थिर राहिली. सोळा वर्षं जे खोकं ती गळ्यात घालून फिरली होती, त्याच्या पोटात एवढी चाकं आणि तारा असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. कोंबडी साफ करताना आतलं दिसावं तसं तिला सगळं दिसत होतं, फक्त इथं काही फेकायचं नव्हतं.

मोटार निघाली ती अंगठ्याच्या नखाएवढी. अर्काडीनं दोन तारा दिल्या, तिनं त्या बॅटरीला लावून मोटारीला टेकवल्या. काही झालं नाही.

"मेली?"

"झोपलीय. तांब्याच्या कड्यावर काजळी धरलीय, वीज आत जात नाही. काडीला टोक कर, कापूस गुंडाळ, स्पिरिटमध्ये बुडव."

तिनं पुसलं. कापूस काळा आला. पुन्हा पुसलं, पुन्हा काळा. चौथ्या काडीला तो राखाडी आला, सातव्या काडीला पांढरा. तारा टेकवल्या आणि मोटार माशी गुणगुणावी तशी फिरू लागली. म्हातारा खुर्चीत मागे रेलला.

सगळं परत जोडेपर्यंत दुपार कलली. आणि पुठ्ठ्यावर एक स्क्रू उरला.

"राहू दे का?" तिनं विचारलं. मान आखडली होती.

"कारखान्यात असं विचारणाऱ्याला आम्ही दरवाजा दाखवायचो."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा सगळं उघडलं. स्क्रू तळाच्या पट्टीखालचा निघाला. अर्धा तास गेला. शेवटी तिनं बॅटरी घातली, कॅमेरा डोळ्याला लावला. आत सफरचंदाचं झाड दिसलं, स्वच्छ, पानन् पान. तिनं दाबलं.

'खटाक्.' पूर्ण.

"आणखी एकदा," अर्काडी म्हणाला. "पहिल्यांदा कुणीही उडतं."

तिनं पन्नास वेळा दाबलं. पन्नास वेळा तो आवाज आला, आणि दर वेळी ती वेड्यासारखी हसत राहिली. मग तिनं म्हाताऱ्याचा फोटो काढला. थरथरणारे हात त्यानं मागे लपवायला घेतले, तिनं ते पुढे घ्यायला लावले. फोटोत ते अगदी शांत आले. खटका तेवढा चपळ होता. अर्काडीनं पडदा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ आपले हात पाहिले.

बसस्थानकाजवळ तिनं गार शेवयांच्या आश्ल्यान-फूचे दोन वाडगे एका बैठकीत संपवले. झणझणीत रश्श्यानं नाक वाहायला लागलं तरी तिसरा घ्यावासा वाटत होता.

शर्यतीच्या दिवशी ती कॅमेरा आणि बसायचं लाकडी खोकं घेऊन नेहमीच्या जागी जाऊन बसली. रेषेच्या दोन टोकांना दोन खांब, लाल फडकी बांधलेले. तिची जागा अशी की तिथून दोन खांब मिळून एकच दिसावा. तुर्दुबाय अक्साकाल काठी टेकत आला.

"दुरुस्त झाला?"

"मी केला."

त्याच्या भुवया वर गेल्या. "बरं. पण निकाल फोनवर, हं. ठरलंय ते."

"माहीत आहे. मी माझ्यासाठी काढते."

फोन घेऊन शामीरचा मेहुणा आला, आणि रेषेच्या पलीकडे चार पावलं जाऊन उभा राहिला. बुर्माकाननं हाक मारली. "इकडे ये, खांबांच्या रेषेत. तिथून चुकीचं दिसेल."

"एजे, इथून घोड्यांची तोंडं काय झकास दिसतात, बघा तरी."

ती आपल्या खांबांकडे वळली. एकदा सांगून झालं होतं.

घोडे दोन तासांनी परतले. आधी टेकडीआड धूळ उठली, मग लोक उभे राहिले, मग ओरडा सुरू झाला. बुर्माकाननं तिकडे पाहिलं नाही. घोड्यांकडे पाहिलं की बोट फसतं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. खांबावर डोळा ठेवायचा आणि कान टापांवर. टापा दोन घोड्यांच्या होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. बाकीचे मागे पडले होते. अलीकडून करडा, पलीकडून ओस्मोनचा तांबडा. जमीन तिच्या खोक्याखाली हादरायला लागली. तिनं श्वास रोखला आणि दाबलं.

'खटाक्.' वाऱ्याचा झोत तोंडावर आला, ढेकळं अंगावर उडाली, घोडे गेले.

पंच फोनभोवती गोळा झाले. चित्र मागे-पुढे करून पाहिलं. तांबडा अर्ध्या डोक्यानं पुढे दिसत होता, अगदी स्पष्ट. ओस्मोनला लोकांनी खांद्यावर उचललं. त्याची बायको पातेलं उघडून गरम बोर्सोक, पिठाचे तळलेले गोळे, वाटायला लागली. शामीर मात्र फोन हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहत होता.

"असं कसं? आमचा स्वार शपथ घेऊन सांगतोय..."

"फोन तुझाच, शामीर," अक्साकाल म्हणाला. "डोळे तीन आहेत म्हणालास."

बुर्माकान खोक्यावर बसल्या बसल्या आपला फोटो मोठा करत होती. करड्याचं नाक खांबाच्या पुढे गेलं होतं. तांबड्याचं नाक खांबाला पोहोचायला वीतभर बाकी होतं. तिनं आणखी मोठं करून पाहिलं. तेच.

तिला कुणी विचारलं नव्हतं. भिंगावर टोपण लावून घरी गेली असती तरी चाललं असतं. ओस्मोननं त्या घोड्यावर दोन वर्षं घातली होती. हिवाळ्यात त्याच्या अंगावर स्वतःची गोधडी घातली होती, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तो लोकांच्या खांद्यांवर टोपी हलवत होता, लहान असताना हलवायचा तशी.  शामीर बैठकीत बोलला होता ते तिला आठवलं, आणि ती उठली.

"अक्साकाल, करडा जिंकलाय."

जवळचे लोक वळले. सगळ्यात जास्त चकित झाला तो शामीर.

"फोन तर वेगळं सांगतो," अक्साकाल म्हणाला.

"या, माझ्या खोक्यावर बसा. एक डोळा मिटा. खांब किती?"

म्हातारा बसला, त्यानं डोळा मिटला. "एकच. दुसरा कुठं गेला?"

"पहिल्याच्या मागे. आता या इकडे, मेहुणा उभा होता तिथं. आता?"

"दोन. चांगले लांब लांब."

"रेषा सोडून पुढे उभं राहिलं की पलीकडचा घोडा पुढे गेल्यासारखा दिसतो. असतो म्हणून नाही, आपण तिरके उभे असतो म्हणून. आता हा फोटो बघा. यात खांब एकच आहे."

अक्साकालनं चष्मा मागवला. त्यानं पाहिलं, मग चष्म्यासकट कॅमेरा दुसऱ्या पंचाकडे दिला, त्यानं तिसऱ्याकडे. पाच पंचांनी एकाच चष्म्यातून एकच नाक पाहिलं. 

"करडा," अक्साकाल शेवटी म्हणाला. "नाकभर."

लोकांनी ओस्मोनला खाली उतरवलं. तो पाय आपटत आला. सगळे बाजूला झाले.

"दाखव मला."

बुर्माकाननं कॅमेरा त्याच्या हातात दिला. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. ती त्याच्या कानामागच्या पांढऱ्या केसांकडे पाहत उभी होती.

"आखूड पडलं," तो म्हणाला.

"हो."

"आपल्या घराण्यात सगळ्यांचीच नाकं आखूड." त्यानं नाकानं सुस्कारा टाकला. "घोडा तरी बाहेरच्या नाकाचा घ्यायला हवा होता." आणि शामीरकडे जाऊन त्यानं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. मग बायकोला हाक मारली, "पातेलं झाकू नकोस. दुसरा आलोय, शेवटचा नाही."

हशा उठला आणि मग टाळ्या. टाळ्या घोड्यासाठी नव्हत्या हे बुर्माकानला जरा उशिरानं कळलं. लोक तिच्याकडे तोंड करून वाजवत होते. अक्साकालनं काठी उचलून शांत केलं.

"यापुढे रेषेवर बुर्माकानचा फोटो. भावाचा घोडा असो, नवऱ्याचा असो, तिच्यावर कुणी शंका घ्यायची नाही. मी फोन लावायला सांगितलं, ते माझं चुकलं."

शामीर टोपी हातात घेऊन पुढे आला. "एजे, तुम्ही गप्प बसला असतात तर..."

"तर तुझ्या फोननं तुला हरवलं असतं."

"हसा," शामीर आजूबाजूच्यांना म्हणाला, "मीच म्हणालो होतो खोकं मेलं म्हणून." आणि सगळ्यांआधी तोच हसला. मग घसा खाकरून म्हणाला, "घोड्याबरोबर माझा एक फोटो काढता?"

"रांगेत ये."

रांग खरंच लागली होती. तिच्यापुढे आधी ओस्मोन उभा राहिला, घामेजल्या तांबड्याच्या गळ्यात हात टाकून. मग घोड्यांचे मालक, त्यांच्या बायका, टोपीत फुलं खोचलेल्या आज्या. शामीरचा नंबर सातवा आला. त्यानं काळा चष्मा घातला होता, तो तिनं काढायला लावला. करड्यानं मान झटकली, शामीर एका पायावर डगमगला, आणि तो पडता पडता खळखळून हसला त्या क्षणी तिनं खटका दाबला. संध्याकाळचं ऊन डोंगरमाथ्यावर चढेपर्यंत ती फोटो काढत राहिली. कुणी कुमिसचा वाडगा पुढे केला तर एका घोटात रिकामा करून परत द्यायची आणि पुन्हा डोळा लावायची.